बिअरचा लोगो: समजला नाही तरी चालेल, ओळखू आला पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात तुमची लहान ब्रुअरी आहे. आतापर्यंत बिअर नळावरून ग्लासात विकली. आता मोठ्या कारखान्यात करारावर बनवून ती ५०० मिलीच्या टीनमध्ये आणि ३३० मिलीच्या बाटलीत काढायची आहे. हातात तीन कच्चे लोगो आहेत. एकात गडाचा बुरूज आणि तटबंदी, दुसऱ्यात हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीचं) बोंड, बार्लीच्या ओंब्या आणि फेसाळता मग, तिसऱ्यात शिरोरेखेखाली नुसतं एक जाड देवनागरी अक्षर. यातला कोणता घ्यावा, आणि बिअरचा लोगो चालतो कशाने, पडतो कशाने?

तिसरा घ्या. आहे तसा मात्र नको, त्यावर अजून काम करावं लागेल. कारणं नीट मांडतो, कारण ती कळली तर पुढच्या प्रत्येक लेबलाला उपयोगी पडतील. मी बरीच वर्षं लेबलं आणि पॅकिंग करतोय, त्यात मद्याची लेबलंही आली. डिझायनर आणि मालक लोगो बघतात तो लॅपटॉपवर, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, पडदाभर मोठा. गिऱ्हाईक तो तसा कधीच बघत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

आपल्याकडे बिअर विकली जाते कुठे, ते आठवा. वाइन शॉपच्या लोखंडी जाळीपलीकडे, बिअर शॉपीतल्या काचेच्या फ्रिजमध्ये, परमिट रूमच्या अंधुक उजेडात. बाटली हातात घेऊन उलटसुलट बघण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. फ्रिजच्या काचेवर बाष्प धरलेलं असतं, मागे रांग असते, दुकानदाराला घाई असते. चार-पाच फुटांवरून, दोन-तीन सेकंदांत गिऱ्हाईक नजर फिरवतो आणि तोंडाने नाव घेतो. मग बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली जाते किंवा काळ्या पिशवीत जाते. या सगळ्यात लोगोला तीनच कामं आहेत: लांबून दिसणं, तोंडाने मागता येणं, आणि पुढच्या खेपेला आठवणं. ब्रुअरीचा इतिहास, सह्याद्री, तुमच्या आजोबांचं शेत हे सगळं सांगणं हे त्याचं काम नाही.

आपल्या इथे हे ओझं इतर देशांपेक्षा जास्त आहे. २००० साली केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि मद्याच्या थेट जाहिराती टीव्हीवरून गेल्या. महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम १९४९चाच आहे आणि मद्याच्या जाहिरातीवर त्याचीही बंधनं आहेत. मोठ्या कंपन्या सोडा, पाणी, कॅलेंडर अशा मार्गांनी नाव लोकांसमोर ठेवतात. तुमच्याकडे तेवढा पैसा नाही. तुमचं होर्डिंग म्हणजे तो टीन आणि ते बाटलीचं लेबल, एवढंच.

आता या धंद्यातलं सगळ्यात जुनं उदाहरण बघू. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या बास ब्रुअरीचा लाल त्रिकोण. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ साली झाला, नोंदणी १ जानेवारी १८७६ला सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर नोंदलं गेलं ते हेच चिन्ह. बर्टनची पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, जहाजांतून मुंबई आणि कलकत्त्यालाही येत असे. परक्या बंदरात, वेगवेगळ्या भाषांच्या लोकांत, नकली मालाच्या गर्दीत बाटली ओळखू यायची तर चिन्ह असंच हवं होतं. चित्रकार एदुआर माने याने १८८२ साली पॅरिसच्या फोली-बेर्जेरमधल्या बारचं चित्र पूर्ण केलं. ते आज लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे. त्यात मद्य देणाऱ्या मुलीच्या पुढ्यात संगमरवरी काउंटरवर बाटल्यांची दाटी आहे, आणि त्या दाटीत बासची बाटली आपण आजही झटकन ओळखतो. मानेने लेबलावरची अक्षरं नुसती सुचवली आहेत, ती धड वाचताही येत नाहीत. पण लाल त्रिकोणावरून बाटली पटते. एखाद्या चित्रकाराने कुंचल्याच्या तीन फटकाऱ्यांत काढला तरी ओळखू येतो, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र लोगोला कुणी देऊ शकत नाही.

त्या त्रिकोणाचा अर्थ काय? बिअरशी त्याचा काहीही संबंध नाही. अर्थ नंतर भरला, बिअर चांगली निघाली म्हणून, वर्षानुवर्षं एकच चिन्ह ठेवलं म्हणून, आणि नकला करणाऱ्यांच्या मागे कंपनी हात धुऊन लागली म्हणून. नवीन मालकांना मी हेच कळकळीने सांगतो. अर्थ आधी कोंबायचा नसतो. आधी ओळख बसू द्यायची, अर्थ तुमची बिअर भरेल.

म्हणून तुमचा दुसरा लोगो, हॉप्स-बार्ली-मगवाला, मी लगेच बाजूला ठेवेन. तो वाईट काढलेला नाही, हॉप्सचं बोंड तर सुरेख उतरलंय. पण आत बिअर आहे हे बाटली, टीन आणि फ्रिज सांगतातच. त्याच चित्राने तेच पुन्हा सांगण्यात तुमची सगळी जागा गेली. हॉप्स आणि बार्ली जगातल्या बहुतेक बिअरमध्ये आहेत, म्हणून जगातल्या निम्म्या लहान ब्रुअऱ्यांच्या लोगोंत त्या आहेत. ज्या चित्रावर शेजारच्या बाटलीचाही तेवढाच हक्क आहे, ते तुमची ओळख होऊ शकत नाही. कायद्यानेही नाही, कारण मालाचं नुसतं वर्णन करणारी खूण व्यापारचिन्ह म्हणून फार कमकुवत ठरते.

चित्र घ्यायचंच असेल तर ते एकच असावं आणि नेमकं असावं. आयर्लंडच्या गिनेस बिअरची वीणा (हार्प) बघा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये ठेवलेली जुनी आयरिश वीणा समोर ठेवून ती घेतली, १८६२ साली लेबलावर आणली, १८७६ साली नोंदवली. पुढे १९२२ साली आयरिश राज्य उभं राहिलं, त्यांनाही राष्ट्रचिन्ह म्हणून वीणाच हवी होती. चिन्ह आधीच ब्रुअरीच्या नावावर असल्याने राज्याची वीणा उलट्या दिशेला तोंड करून आहे. यात शिकण्यासारखं आहे ते असं की गिनेसने 'संगीत' किंवा 'आयर्लंड' काढायचा प्रयत्न केला नाही, एक वस्तू काढली. केनियाच्या टस्कर (म्हणजे सुळेवाला हत्ती) या बिअरवर हत्ती आहे. ब्रुअरीच्या संस्थापकांपैकी जॉर्ज हर्स्ट यांचा १९२३ साली हत्तीने जीव घेतला, त्यावरून ते नाव आणि चित्र आलं. ही हकिगत माहीत नसलेला माणूसही हत्ती ओळखतो आणि 'टस्कर' मागतो. गोष्ट पाठीमागे उभी असली तर उत्तमच, पण लोगो त्या गोष्टीवाचूनही उभा राहायला हवा.

आपल्याकडची उदाहरणं मला परदेशी उदाहरणांपेक्षा जास्त बोलकी वाटतात. हेवर्ड्स ५००० घ्या. इंग्रजी वाचता न येणारा माणूसही पाच आणि तीन शून्यं वाचतो. कामगार वस्तीतल्या बारमध्ये 'पाच हजार दे' म्हटलं की बाटली समोर येते. हा आकडा कशाचं मोजमाप आहे हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. नॉकआउटवर मुष्टियोद्धे आहेत. नाव आणि चित्र एकच गोष्ट सांगतात, आणि ती स्ट्राँग बिअरच्या गिऱ्हाइकाला थेट पोचते. डिझाइनच्या शाळांमध्ये अशा लेबलांकडे नाक मुरडलं जातं, ते मला पटत नाही. आपलं गिऱ्हाईक कोण, तो कुठे उभा आहे, त्याला काय वाचता येतं याचा त्या लेबलांनी केलेला विचार कित्येक बक्षीसपात्र लेबलांपेक्षा खोल आहे.

किंगफिशरमध्ये पक्ष्याचं नाव हेच बिअरचं नाव आणि पक्षी हाच लोगो. डोळ्याने बघितलं तेच तोंडाने मागायचं. नाव लांब वाटलं त्यांनी 'केएफ' केलं, तरी पक्षी तोच. गोव्यात किंग्जची बुटकी बाटली आहे. तिथे तर अर्धा लोगो म्हणजे काचेचा आकारच आहे. हातात आली की लेबल न वाचता कळतं. २०१५ साली बिरा ९१ आली तेव्हा बाजारात सिंह, गरुड, मुकुट, ढाली यांची रेलचेल होती, आणि तिने माकड आणलं. त्यातून पहिल्याच वर्षी ती बाकीच्यांपासून वेगळी उठून दिसली. त्या कंपनीला पुढे ज्या अडचणी आल्या त्या लोगोमुळे आल्या नाहीत. त्यातल्या एकीकडे मी शेवटी येतो, कारण ती तुमच्याही कामाची आहे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मांडतो. लोगो बिअरची चव बदलतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. १९६४ साली राल्फ अ‍ॅलिसन आणि केनेथ ऊल या दोन अमेरिकन संशोधकांनी नेहमीच्या बिअर पिणाऱ्यांना आधी लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या. लोकांना आपला नेहमीचा ब्रँड ओळखता आला नाही, सगळ्या बिअर जवळपास सारख्याच वाटल्या. मग लेबल लावलेल्या बाटल्या दिल्या, तेव्हा आपापल्या ब्रँडला लोकांनी ठळकपणे जास्त गुण दिले. बिअर तीच होती. पिणारे खोटं बोलत नव्हते, त्यांना खरोखरच तसं लागत होतं. म्हणून लेबलाचं काम म्हणजे वरवरची सजावट असं जो ब्रुअर समजतो, तो स्वतःच्या बिअरवरच अन्याय करतो.

याच कारणाने ओळख बसलेला लोगो बदलताना हात आखडता घ्यावा. अमेरिकेतल्या मिलर लाइटचा मूळ टीन पांढरा होता, त्यावर गडद निळी जुन्या वळणाची अक्षरं. पुढे काळाबरोबर राहण्यासाठी तो निळा, चकचकीत, धावत्या रेषांचा झाला. विक्री घसरत राहिली. २०१३च्या अखेरीस कंपनीने थोड्या काळासाठी म्हणून जुना पांढरा टीन परत आणला, लोकांनी तो उचलून धरला, आणि २०१४मध्ये तोच कायम केला. टीनच्या आतलं काही बदललं नव्हतं. मधल्या काळातल्या डिझाइनात चूक अशी नव्हती. ते त्या वेळच्या बाकीच्या शंभर टीनांसारखं झालं होतं, एवढाच त्याचा दोष.

कधी बदल करणं भागही पडतं. हाइनेकेनचा लाल तारा शीतयुद्धाच्या काळात साम्यवादाशी जोडला जाईल म्हणून पांढरा करून त्याला नुसती लाल कड ठेवली गेली, आणि १९९१ साली तो पुन्हा लाल झाला. रंग गेला तरी आकार आणि जागा तीच ठेवली, म्हणून ओळख तुटली नाही. त्याच लोगोतले मागे रेललेले, हसल्यासारखे दिसणारे 'ई' बघा. फ्रेडी हाइनेकेनने ठाकठीक मोठी अक्षरं सोडून ही छोटी अक्षरं घेतली. एका अक्षराचा एवढासा कल, पण तोच लोकांच्या लक्षात राहिला.

कार्ल्सबर्गची गोष्ट मराठी माणसाला विशेष लागेल. कोपनहेगनमधल्या त्यांच्या जुन्या कारखान्याला १९०१ सालचं हत्तीद्वार आहे. दगडी हत्ती आणि त्यांच्या अंगावर स्वस्तिक. ती कार्ल्सबर्गची खूण होती, नाझींचा तिच्याशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास त्यांना ती सोडावी लागली. हातात उरलं ते १९०४ साली थोरवाल्ड बिंडेसबोल या डॅनिश कलावंताने काढलेलं अक्षरलेखन, आणि आजचा कार्ल्सबर्गचा लोगो त्याच्यावरच उभा आहे. चिन्हाचा अर्थ जगाने उलटवला तर कंपनीच्या हातात काही राहत नाही. स्वतःच्या हाताने घडवलेली अक्षरं मात्र कुणी तशी हिरावून घेत नाही.

आता तुमच्या गडाकडे येतो. तो लोगो तुम्ही प्रेमाने काढलाय हे दिसतं, आणि गडांवर जाणाऱ्या कुणालाही तो आवडेल. तरीही तो घेऊ नका. गड आपल्याकडे निव्वळ वास्तू नाहीत. २०२२च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मद्य विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देऊ नयेत असा निर्णय घेतला. तो दुकानांच्या नावांबद्दल आहे हे खरं, पण हवा कुठल्या दिशेची आहे हे त्यातून कळतं, आणि माझ्या मते ती भावना रास्तच आहे. देवदेवतांचं तर बोलायलाच नको. २०१२ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या एका ब्रुअरीने 'काली-मा' नावाची बिअर काढायची ठरवली, त्याचा निषेध थेट आपल्या संसदेपर्यंत पोचला आणि त्यांना ते पुढे ढकलावं लागलं. आपल्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९मध्ये धार्मिक भावना दुखावणारी चिन्हं नोंदवायला स्पष्ट मनाई आहे.

भावनेची बाजू क्षणभर बाजूला ठेवली तरी निव्वळ कारागिरीच्या नजरेनेही गड पडतो. तुमच्या चित्रात तटाचे दगड वेगळे दाखवलेत, बुरुजाला जंग्या आहेत, वर झेंडा आहे, मागे डोंगराची रेघ आहे. हे सगळं बाटलीच्या झाकणावर आणून बघा. क्राउन झाकणाला छापायला मिळणारी सपाट जागा रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असते, कडेच्या २१ दातांकडे वळताना शाई आणि आकार दोन्ही ओढले जातात. तिथे तुमचा गड म्हणजे एक राखाडी डाग होईल.

टीनची गंमत वेगळी. ५०० मिलीच्या नेहमीच्या टीनचा व्यास ६६ मिमी, म्हणजे घेर सुमारे २०७ मिमी. समोरून बघणाऱ्याला त्यातला जेमतेम एक तृतीयांश नीट दिसतो, साधारण ७० मिमी. बाकीचं वळून बाजूला जातं. संगणकावर टीनचं उलगडलेलं चित्र आडवं, ऐसपैस दिसतं आणि डिझायनर त्यावर चित्रपट रंगवत जातो. फ्रिजमध्ये टीन नेमक्या कोणत्या बाजूला तोंड करून ठेवला जाईल हे तुमच्या हातात नाही. म्हणून मुख्य खूण घेरावर किमान दोनदा यावी, आणि प्रत्येक वेळी ७० मिमीच्या आत संपावी. छपाई बहुधा ड्राय ऑफसेटने होते. सगळे रंग एकाच रबरी ब्लँकेटवर जमा होऊन एकदम टीनवर उतरतात, त्यामुळे ओले रंग एकमेकांवर चढवता येत नाहीत, शेजारी-शेजारी ठेवावे लागतात आणि मध्ये बारीक फट सोडावी लागते. हळुवार छटा, धुकं, सावल्या हे सगळं तिथे खडबडीत होतं. खाली अ‍ॅल्युमिनियम आहे हेही विसरू नका. पांढरा थर न देता पिवळा छापला तर तो सोनेरी चमकतो. हे मुद्दाम वापरलं तर सुंदर दिसतं, नकळत झालं तर सगळा रंगमेळ बिघडतो. सुरुवातीला माल थोडा असेल तेव्हा छापील टीनची किमान ऑर्डर परवडणार नाही. मग साध्या टीनवर श्रिंक स्लीव्ह (आवळून बसणारं छापील प्लास्टिकचं आवरण) किंवा चिकट लेबल येईल. त्यावर छटा नीट उतरतात, पण म्हणून त्यांच्या आहारी जाऊ नका. धंदा वाढला की छापील टीनवर जायचंच आहे, आणि तेव्हा लोगो बदलावा लागू नये.

बाटलीच्या लेबलाला बर्फाच्या बादलीत टिकायचं असतं आणि परत आलेली बाटली कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुताना सुटायचंही असतं. त्यासाठी ओल्यात न फाटणारा कागद आणि योग्य गोंद लागतो, तो छापखान्याशी बोलून ठरवा. क्रेटमध्ये बाटल्या एकमेकींवर घासतात आणि लेबलाचा सगळ्यात फुगीर भाग आधी झिजतो. लोगोतली नाजूक रेघ नेमकी तिथे ठेवू नका. तपकिरी काच बिअरला प्रकाशापासून वाचवते, तिला हात लावू नका. पण तिच्यावर गडद रंगाचं लेबल अंधारात विरून जातं हे ध्यानात ठेवा.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. लाल म्हणजे स्ट्राँग, हिरवा म्हणजे परदेशी, सोनेरी म्हणजे प्रीमियम हे संकेत बाजारात आहेत, पण ते मोडूनही लोक यशस्वी झालेत. ज्या फ्रिजमध्ये तुमची बिअर जाणार त्याचा फोटो काढा आणि त्यात जो रंग नाही तो घ्या.

लहान मुलांना ओढ वाटेल असं कार्टून मात्र टाळा. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, आणि कायद्यापलीकडेही ही आपली जबाबदारी आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली वेल्सच्या टायनी रिबेल ब्रुअरीच्या एका टीनबद्दल तक्रार झाली. त्यावर टेडी अस्वल होतं, भडक रंग होते. टीन मुलांना आकर्षित करेल असा निवाडा पोर्टमन ग्रुप या मद्य उद्योगाच्या देखरेख संस्थेने दिला आणि त्यांना डिझाइन बदलावं लागलं.

आता तिसरा लोगो, तुमचं अक्षर. मला तो मनापासून आवडला. देवनागरीत शिरोरेखा ही तयार मिळालेली ताकद आहे, आणि बिअरच्या टीनवर ती फारच थोड्यांनी वापरली आहे. ती रेघ टीनच्या पूर्ण घेराला पट्टा म्हणून फिरवा, अक्षर तिला लटकू द्या. टीन कुठूनही बघितला तरी पट्टा दिसेल, आणि फ्रिजमध्ये चार टीन शेजारी लावले तर चौघांची मिळून एक सलग रेघ होईल. ही गोष्ट रोमन अक्षरांना जमत नाही.

सध्या मात्र ते अक्षर तयार फॉन्टमधून उचललेलं दिसतंय. फॉन्ट चांगला आहे, आपल्या मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेसारख्यांनी देवनागरीत उत्तम काम करून ठेवलंय. पण जो फॉन्ट तुम्ही घेतलात तोच उद्या शेजारची बेकरी घेईल. अक्षर हाताने काढून घ्या. अक्षरलेखक कमल शेडगे यांचं काम डोळ्यासमोर आणा. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानावर, बोटभर जागेत, शेजारी पंचवीस जाहिराती असताना त्यांनी लिहिलेलं नाटकाचं नाव वेगळं उठून यायचं. कागद हलका, शाई फुटणारी, रंग एकच काळा. अक्षराच्या आतली मोकळी जागा किती ठेवायची, जाडी कुठे चढवायची, कुठे सोडायची हे त्यांना नेमकं कळत होतं. बिअरच्या लेबलाची परीक्षा जवळजवळ तीच आहे. तुमच्या अक्षराची गाठ सध्या इतकी बंद आहे की लहान आकारात ती भरून जाते. ती उघडा. काना थोडा जाड करा, आणि कुठेतरी एक असं वळण ठेवा जे फक्त तुमचं असेल. पूर्ण नाव खाली देवनागरी आणि रोमन दोन्हींत वाचता येईल असं द्या, कारण दुकानदाराच्या यादीत आणि परमिट रूमच्या मेन्यूवर ते बहुधा रोमनमध्ये छापलं जाईल.

डिझायनरला पैसे कसे द्यायचे असंही तुम्ही विचारलंय. अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीचा वळणदार 'बी' काढला तेव्हा ब्रुअरी नुकतीच सुरू होत होती, द्यायला पैसे नव्हते. त्यांनी मानधनाऐवजी कंपनीत हिस्सा घेतला. तुमच्या बाबतीत काहीही ठरो, लोगोचे सगळे हक्क कंपनीच्या नावे झाल्याचं लेखी करून घ्या. तोंडी भरवशावर सोडलेले लोगो पुढे धंदा वाढल्यावर वादात अडकतात, हे मी बघितलंय.

छापायला देण्याआधी एवढं करा. अक्षर काळ्या-पांढऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढं छापा आणि हातभर अंतरावरून बघा. खऱ्या आकाराचं लेबल टीनला गुंडाळून ओळखीच्या बिअर शॉपीत इतर टीनांमध्ये ठेवू द्या आणि जाळीबाहेरून फोटो काढा. ज्याने लोगो फक्त एकदा बघितलाय अशा माणसाला दुसऱ्या दिवशी तो कागदावर काढायला सांगा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल, पण पट्टा आणि त्याला लटकणारं अक्षर आलं पाहिजे. आणि नाव गोंगाटात ओरडून बघा. वेटरला दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर नावात गडबड आहे.

मग कागदपत्रं. व्यापारचिन्ह नोंदणीत बिअर वर्ग ३२मध्ये येते, वाइन आणि इतर मद्यं वर्ग ३३मध्ये. शोध दोन्ही वर्गांत घ्या, अर्ज शब्दासाठी आणि चिन्हासाठी वेगवेगळे करा. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे आरोग्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा लेबलावर सक्तीचा आहे, २०० मिलीपेक्षा मोठ्या पॅकवर त्याची अक्षरं किमान ३ मिमी उंच हवीत. त्याशिवाय मद्यार्काचं प्रमाण, बॅच, किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता, कोणत्या राज्यात विक्रीसाठी हे सगळं येतं. ही जागा पहिल्या स्केचमध्येच आखून टाका. शेवटी उरलेल्या कोपऱ्यात ती कोंबली की चांगल्या लोगोचाही श्वास कोंडतो.

आणि आता ती बिराची गोष्ट. त्यांच्या कंपनीने पुढे आपल्या नावातला 'प्रायव्हेट' शब्द काढला. उत्पादन शुल्क खात्यांच्या लेखी लेबलावरची कंपनी बदलली, म्हणून राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवावी लागली आणि त्यात विक्री काही महिने अडकली. आपल्याकडे प्रत्येक लेबल प्रत्येक राज्याच्या उत्पादन शुल्क विभागाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणून कंपनीचं नाव, भागीदारी की प्रायव्हेट लिमिटेड, आणि ज्यांच्या कारखान्यात बिअर बनणार त्यांच्याशी करार, हे तिन्ही आधी पक्कं करा. लेबल मंजुरीला पाठवा ते त्यानंतर, आणि टीनची ऑर्डर मंजुरीचा कागद हातात आल्यावर.